घरचा बॅकिंग ट्रॅक आणि त्यावरचा सोलो : क्रम कुठे चुकतो, कसा सुधारायचा

दोन-तीन वर्षं गिटार वाजवणारी मुलं माझ्याकडे एक तक्रार हमखास घेऊन येतात. "सर, घरी ट्रॅक बनवला, स्केलही बरोबर आहे, पण वर सोलो वाजवला की काही जमून येत नाही." बॅकिंग ट्रॅक म्हणजे मागे वाजणारी रेकॉर्ड केलेली साथ, आणि सोलो म्हणजे तिच्यावर गिटारने वाजवलेली मुख्य सुरावट. ट्रॅक ऐकवायला सांगितलं की अर्ध्या मिनिटात कारण कळतं. ड्रम, बेस, दोन गिटारी, कीबोर्डचं पॅड, आणि रिकामी जागा दिसेल तिथे घातलेली छोटी छोटी सुरावट. घर सामानाने भरलंय आणि पाहुण्याला बसायला खुर्ची नाही, तशी गत.

तबलजी ज्या लहऱ्यावर रियाज करतात तो आठवा. पेटीवर एकच ओळ, पुन्हा पुन्हा तीच. पण वाजवणारा कितीही लांब गेला तरी सम कुठे आहे हे ती ओळ सांगत राहते. बॅकिंग ट्रॅकचं काम तेवढंच. नुसता ऐकायला तुमचा ट्रॅक फार झकास वाटत असेल, तर सोलोसाठी तो बहुधा बिघडलेला आहे.

खाली एकच ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवला आहे. पहिल्यांदा जसाच्या तसा करा. स्वतःच्या कल्पना दुसऱ्या ट्रॅकला.

## तयारी

### कागदावर आधी लिहा

रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी चार गोष्टी कागदावर हव्यात: स्वर, लय, कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) आणि लांबी. आपला ट्रॅक असा:

- स्वर: ए मायनर (पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी सहा)
- लय: ८० बीपीएम (मिनिटाला ८० मात्रा), चार मात्रांचा बार
- कॉर्ड: ए मायनर, एफ, सी, जी. प्रत्येकी एक बार
- लांबी: ९६ बार

८०च्या लयीत एक बार बरोबर ३ सेकंदांचा होतो. चार कॉर्डचं एक आवर्तन १२ सेकंदांचं, आणि ९६ बार म्हणजे २४ आवर्तनं, ४ मिनिटं ४८ सेकंद. एवढी लांबी लागतेच. मिनिटभराच्या ट्रॅकवर हात गरम होईपर्यंत ट्रॅक संपतो, आणि मग लोक पाठ असलेल्या तुकड्यांवरच हात चालवतात.

आता हे ९६ बार १६-१६च्या सहा भागांत पाडा:

१. बार १ ते १६ : फक्त ड्रम आणि बेस
२. बार १७ ते ३२ : डावीकडची गिटार येते
३. बार ३३ ते ४८ : उजवीकडची गिटार येते
४. बार ४९ ते ६४ : दोन्ही गिटारी गप्प, फक्त हाय-हॅट (ड्रमची जोडझांज) आणि बेस
५. बार ६५ ते ८० : सगळं, पण ७९ आणि ८० हे दोन बार पूर्ण शांत
६. बार ८१ ते ९६ : सगळं, ९७व्या बारच्या पहिल्या मात्रेवर ए मायनर वाजवून सोडून द्यायचा

ते दोन शांत बार चुकून आलेले नाहीत. त्यांचा उपयोग सोलोच्या वेळी कळेल.

### खोली आणि वीज

पंखा बंद. कितीही उकडत असलं तरी बंद. माइकने रेकॉर्ड करत असाल तर वाऱ्याचा आवाज येतो, आणि इलेक्ट्रिक गिटार थेट जोडली असेल तर पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची घरघर पिकअपमध्ये (तारांचं कंपन पकडणाऱ्या चुंबकी भागात) शिरते. राउटर, मॉनिटर आणि मोबाइलचा चार्जर गिटारपासून लांब ठेवा. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप असेल तर स्वतः थोडं थोडं फिरून बघा. एका दिशेला तोंड केलं की गुणगुण बरीच कमी होते. खुर्ची तिथेच मांडा.

लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावर गुणगुण वाढते का, तेही तपासा. चार्जर काढल्यावर ती गेली तर दोष गिटारचा नाही, चार्जरचा किंवा अर्थिंगचा आहे. अशा वेळी लॅपटॉप पूर्ण चार्ज करून बॅटरीवर रेकॉर्ड करा. अर्थिंगची पिन तोडून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका. आवाज जाईल, पण शॉक बसायची सोय होईल.

अकूस्टिक गिटार असेल तर भिंतीसमोर बसू नका. कपड्यांचं उघडं कपाट समोर घ्या किंवा दाराला जाड गोधडी टांगा. आणि घरात सांगून ठेवा. माझ्या एका चांगल्या टेकमध्ये (एका दमात केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये) कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत, त्याही लयीत नाहीत.

### जोडणी

ऑडिओ इंटरफेस (गिटार संगणकाला जोडणारा डबा) असेल तर गिटार ज्या भोकात लावली आहे तिथलं 'इन्स्ट' किंवा 'हाय-झेड' बटण चालू करा. ते बंद राहिलं तर आवाज मिणमिणता आणि बोथट येतो, आणि लोक नव्या पिकअपच्या किमती बघायला लागतात.

सॉफ्टवेअर कुठलंही चालेल. गॅरेजबँड ॲपलच्या यंत्रांवर फुकट आहे, बँडलॅब फोनवर आणि संगणकावरही फुकट. रीपर ६० दिवस वापरून मग विकत घेता येतं. सॅम्पल रेट ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ, बिट-डेप्थ २४. रेकॉर्ड करताना बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पल ठेवा. आवाज तडतडला तर २५६ करा. मिक्स करताना ५१२ किंवा १०२४ चालतो.

इंटरफेस नसेल तर अकूस्टिक गिटार आणि फोन एवढ्यावरही ट्रॅक होतो. फोन बाराव्या फ्रेटसमोर साधारण एक फुटावर ठेवा. गिटारच्या गोल भोकासमोर ठेवलात तर नुसती घुमघुम येते. विमान मोड चालू करा. काही रेकॉर्डर ॲप आवाजाची पातळी आपोआप वर-खाली करतात, ती सोय बंद करा. नाहीतर जोरात वाजवलेल्या स्ट्रोकनंतर सगळं खाली दबतं.

इशारा : ब्लूटूथ हेडफोन वापरायचे नाहीत. त्यात आवाज कानापर्यंत उशिरा पोचतो, इतका की तुम्ही क्लिकवर (मेट्रोनोमच्या टकटकीवर) वाजवूनही रेकॉर्डिंग मागे पडलेलं दिसतं. साधे वायरचे, कान झाकणारे हेडफोन घ्या.

तपासा : आवाज दोनदा ऐकू येतोय का, किंवा डब्यातून आल्यासारखा वाटतोय का? बहुतेक वेळा इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटर आणि सॉफ्टवेअरचं मॉनिटर (वाजवताना स्वतःला ऐकण्याची सोय) दोन्ही चालू असतात. एक बंद करा. ॲम्प सिम्युलेटर (ॲम्पसारखा आवाज देणारं सॉफ्टवेअर) लावून ऐकायचं असेल तर सॉफ्टवेअरचं चालू ठेवा.

## टप्पा १ : लय आधी

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. आधी गिटारवर कॉर्ड वाजवून घेतात आणि मग त्यावर ड्रम बसवायला जातात. ते बसत नाहीत, कारण माणसाच्या हाताची लय सरकते. मीही पहिला ट्रॅक असाच केला होता, 'मला क्लिकची गरज नाही' अशा थाटात. ८०ला सुरू झालेला तो ट्रॅक शेवटी ९०च्या पुढे गेला होता, आणि मला तो सबंध वेळ एकसारखा वाटत होता.

क्रम असा: क्लिक, ड्रम, बेस, गिटार. हा क्रम मोडायचा नाही.

१. नव्या प्रोजेक्टमध्ये लय ८० आणि चार मात्रांचा बार हे आधी भरा. मागाहून बदलायला गेलात तर रेकॉर्ड केलेलं सगळं जागचं हलतं.

२. सुरुवातीला दोन बार मोजणीसाठी सोडा. संगीत तिसऱ्या बारपासून. गोंधळ नको असेल तर तिथे '१' अशी खूण करा आणि कागदावरचे आकडे तिथून मोजा.

३. ड्रमचा ठेका: किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, हाय-हॅट प्रत्येक मात्रेला दोनदा. बस. हे माउसने भरलं तरी दहा मिनिटांचं काम आहे.

४. क्रॅश झांज फक्त प्रत्येक १६ बारच्या भागाच्या पहिल्या मात्रेवर. फिल (ठेका मोडून वाजवलेला छोटा तुकडा) फक्त सोळाव्या बारच्या शेवटच्या दोन मात्रांत, तोही साधा. पाचव्या भागात फिल नाही, कारण तिथे शांतता आहे.

दर चार बारनंतर फिल टाकायचा मोह होतो. टाकू नका. तुमच्या सोलोचं वाक्य जिथे संपतं नेमका तिथेच ड्रमवाला बोलायला लागतो, आणि तुम्ही नकळत त्याच्यासाठी थांबता.

तबल्याच्या ॲपवर केहरवा लावून केलेला ट्रॅकही छान होतो. आठ मात्रांचं एक आवर्तन दोन बारमध्ये नेमकं बसतं. ॲपची लय पॉइंटातल्या आकड्यात ठेवता येत असेल तर ती पूर्णांकावर आणून ठेवा, म्हणजे सॉफ्टवेअरशी जुळेल.

## टप्पा २ : बेस

बेस गिटार नसली तरी अडत नाही. तुमच्याच गिटारवर खालील स्वर वाजवा आणि सॉफ्टवेअरमध्ये पिच १२ सेमिटोनने, म्हणजे एक सप्तक, खाली उतरवा.

- ए : सहावी तार, ५वा फ्रेट
- एफ : सहावी तार, १ला फ्रेट
- सी : पाचवी तार, ३रा फ्रेट
- जी : सहावी तार, ३रा फ्रेट

मानेजवळचा पिकअप, टोनची खुंटी निम्म्याच्या खाली, आणि पिक बाजूला ठेवून अंगठ्याने वाजवा. सहाव्या तारेवरचा ए ११० हर्ट्झचा असतो, उतरवल्यावर तो ५५ हर्ट्झवर येतो. खऱ्या बेसची हीच जागा.

वाजवायचं काय? पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर मूळ स्वर, बरोबर किकसोबत. स्वर पुढच्या स्ट्रोकपर्यंत दाबून ठेवा आणि मग स्वच्छ सोडा. बेसची चालती ओळ तुम्हाला येत असेल तरी इथे वाजवू नका.

तपासा : पिच उतरवल्यावर स्वराचा सुरुवातीचा ठोका कधी कधी किंचित मागे पडतो. झूम करून किक आणि बेस शेजारी बघा. बेस मागे दिसला तर बेसचं सगळं रेकॉर्डिंग उचलून थोडं डावीकडे, म्हणजे आधी, सरकवा, एकेक स्वर हलवत बसू नका.

## टप्पा ३ : ताल धरणाऱ्या दोन गिटारी

आधी गिटार लावा. ट्यूनर ४४०वर आहे ना, ते बघा. घरातल्या पेटीला जुळवून गिटार लावायची सवय असेल तर ती इथे मोडा, कारण बेस आणि गिटार वेगवेगळ्या दिवशी रेकॉर्ड झाल्या तर त्यांना बांधणारा धागा ट्यूनरच असतो. प्रत्येक टेकआधी पुन्हा लावा. नव्या तारा आज चढवल्या असतील तर आज रेकॉर्ड करूच नका.

आता महत्त्वाची गोष्ट. सहाही तारांवरचे भरगच्च कॉर्ड घ्यायचे नाहीत. खालचे स्वर बेसने घेतलेत, वरचे सोलोला हवेत. तुमच्या वाट्याला मधल्या तीन तारा येतात, चौथी, तिसरी आणि दुसरी:

- ए मायनर : २, २, १
- एफ : ३, २, १
- सी : २, मोकळी, १
- जी : तिन्ही मोकळ्या

आकडे फ्रेटचे, चौथ्या तारेपासून दुसऱ्या तारेकडे. बोटं जेमतेम हलतात आणि हात सगळा वेळ मानेच्या टोकाशी राहतो. सोलो पाचव्या फ्रेटच्या आसपास आणि पातळ तारांवर असेल, त्यामुळे टक्कर होत नाही.

पहिली गिटार डावीकडे: प्रत्येक कॉर्ड पहिल्या मात्रेवर एकदा, बारभर वाजू द्या. दुसरी गिटार उजवीकडे: त्याच कॉर्डचे तुटक स्ट्रोक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, स्नेअरसोबत. स्ट्रोक झाल्या झाल्या डावा हात सैल करून आवाज तोडा.

नेहमीची चूक : एकच गिटार रेकॉर्ड करून ती कॉपी करायची, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. याने रुंदी येत नाही. दोन्हीकडे तंतोतंत तोच आवाज असला की कानाला तो मधूनच येतो, फक्त मोठा होऊन. आणि मधली जागा तर सोलोसाठी मोकळी ठेवायची होती. दोन्ही गिटारी खरोखर वेगळ्या वाजवा.

पातळी : मीटरचा सगळ्यात वरचा झटका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. २४ बिटमध्ये एवढं पुरतं. लाल दिवा लागला तर टेक गेला, तो मागाहून दुरुस्त होत नाही.

चार बार वाजवून त्याचे २४ तुकडे चिकटवायचे का? मी तसं करत नाही. यंत्रासारखा एकच श्वास २४ वेळा ऐकू येतो आणि सोलो वाजवणाऱ्याचा हातही यंत्रासारखा व्हायला लागतो. निदान १६ बार सलग वाजवा आणि ते पुढच्या भागात वापरा. त्यासाठी ३२ बार वाजवून त्यातले दुसरे १६ घ्या. पहिल्या १६ बारच्या सुरुवातीला आधीच्या जी कॉर्डची शेपटी नसते, दुसऱ्यात असते, म्हणून जोड ऐकू येत नाही. जोडावर ५ ते १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा विरताना दुसरा उमटणं) द्या, म्हणजे 'टक' होणार नाही.

फोनवर रेकॉर्ड करणाऱ्यांनी मोजणीच्या दुसऱ्या बारच्या पहिल्या मात्रेवर गिटारच्या अंगावर बोटाने एक टिचकी मारावी. फाइल संगणकात आणल्यावर ती टिचकी क्लिकच्या रेषेवर आणून ठेवली की सगळा टेक जागेवर बसतो.

## टप्पा ४ : जागा रिकामी करणे

याला मिक्सिंग म्हणतात, पण आपल्याला मोजकंच करायचंय.

१. दोन्ही गिटारींना साधारण १२० हर्ट्झखाली हाय-पास (खालचे स्वर कापणारा फिल्टर) लावा. तिथे बेस आहे.

२. दोन्ही गिटारींचा १ ते ३ किलोहर्ट्झचा पट्टा २-३ डेसिबलने खाली घ्या. सोलो गिटारचा 'आवाज' तिथेच राहतो. एकट्या ऐकल्यावर गिटारी थोड्या निस्तेज वाटतील. वाटू द्या.

३. बेस, किक आणि स्नेअर मधोमध. गिटारी दोन बाजूंना, पण अगदी टोकाला नकोत.

४. रिव्हर्ब (मोठ्या खोलीतल्यासारखा घुमारा) अगदी थोडा, किंवा नाहीच. ट्रॅकवर रिव्हर्ब आणि सोलोवर रिव्हर्ब झाला की सगळं मंगल कार्यालयात वाजल्यासारखं होतं.

५. मास्टरवर (सगळ्या ट्रॅकच्या एकत्र आवाजावर) लिमिटर लावून आवाज ठासून भरू नका. सगळ्यात वरचा झटका उणे ६ डेसिबलवर राहील असं बघा, म्हणजे वर सोलोला जागा मिळेल.

आता आराखड्याप्रमाणे भाग लावा: कुठे काय गप्प, कुठे काय चालू. शांत ७९-८० बार विसरू नका. तिथे मागच्या कॉर्डची शेपटीसुद्धा ऐकू येता कामा नये.

फाइल वेव्हमध्ये काढा. एमपी३ केल्यावर सुरुवातीला किंचित शांतता चिकटते आणि लूप लावला की दर फेरीला अडखळ जाणवते. नावात स्वर आणि लय लिहा, 'ए-मायनर-८०' असं. 'नवीन फायनल २' या नावाच्या अकरा फाइली माझ्याकडे आहेत, कुठली काय आहे देव जाणे.

तपासा : फाइल फोनच्या स्पीकरवर लावा आणि दुसऱ्या खोलीत जा. कॉर्ड कधी बदलतोय हे तिथून कळतंय का? बेस फोनवर फारसा ऐकू येणार नाही, ते ठीक. पण बदल कळत नसेल तर डावीकडची गिटार थोडी वर घ्या.

## टप्पा ५ : गिटार मांडीवर, हात खाली

ट्रॅक झाला की लोक लगेच वाजवायला लागतात. थांबा. पहिल्यांदा सबंध ट्रॅक नुसता ऐका आणि कॉर्डची नावं बदलाच्या क्षणी तोंडाने म्हणा: ए मायनर, एफ, सी, जी. कंटाळवाणं आहे, पण चौथ्या भागात गिटारी गप्प झाल्यावर निम्मे लोक इथेच चुकतात. ज्याला बेसवरून कॉर्ड ऐकू येत नाही, त्याचा सोलो कॉर्डवर पडणारच नाही.

दुसऱ्या फेरीत गुणगुणा. सूर पक्का असायला हवा असं नाही, वाक्य कुठे सुरू होतं आणि कुठे थांबतं ते हवं. गुणगुणताना माणूस श्वासासाठी थांबतो. गिटारला फुप्फुस नसल्यामुळे बोटं थांबतच नाहीत, आणि बहुतेक घरगुती सोलोंचं दुखणं हेच आहे.

## टप्पा ६ : सोलो, एका स्वरापासून

स्वर कुठले घ्यायचे हे बहुतेकांना माहीत असतं. ए मायनर पेंटाटोनिक: ए, सी, डी, ई, जी. ए हा सा धरला तर सा, कोमल ग, म, प, कोमल नी, म्हणजे धानी रागाचेच स्वर. गायकीचा कान असेल तर ही ओळख उपयोगी पडते, कारण धानीतले ठहराव तुम्हाला आधीपासून माहीत असतात. बोटांची जागा पाचव्या फ्रेटवर:

- सहावी तार : ५, ८
- पाचवी, चौथी आणि तिसरी तार : ५, ७
- दुसरी आणि पहिली तार : ५, ८

स्वरांची ही चौकट पाठ असते आणि तीच घात करते. वरून खाली, खालून वर, बोटं सवयीने धावतात. म्हणून पुढच्या पायऱ्या याच क्रमाने करा.

पायरी १. एकच स्वर. पहिल्या तारेवरचा ५वा फ्रेट, ए. पहिले १६ बार फक्त हा स्वर. जोरात, हळू, लांब, तुटक, मात्रेवर, मात्रेच्या मध्ये. ज्याला एका स्वरात १६ बार काढता येत नाहीत त्याला पाच स्वर देऊन उपयोग नाही.

पायरी २. कॉर्डसोबत सरकणारी ओळ. दुसऱ्या तारेवर प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेला एक स्वर:

ए मायनरवर ५वा फ्रेट (ई), एफवर ६वा (एफ), सीवर पुन्हा ५वा (ई), जीवर ३रा (डी).

एवढे चार स्वर वाजवून बघा, सोलो लगेच ट्रॅकला चिकटेल. सहाव्या फ्रेटवरचा एफ पेंटाटोनिकमध्ये नाही, पण त्या कॉर्डचा मूळ स्वर तोच आहे. नुसत्या पेंटाटोनिकवर फिरणाऱ्याला तो कधीच सापडत नाही. आता पहिल्या तारेवर दुसरी ओळ: ८, ८, ८, ७. पहिल्या तिन्ही कॉर्डमध्ये सी आहे, जीवर तो बीवर उतरतो. हे काही आकाशातून आलेलं नाही. टप्पा ३मध्ये तुम्ही चौथ्या आणि दुसऱ्या तारेवर जे वाजवलंत तेच हे, एक सप्तक वर.

पायरी ३. मधल्या जागा भरा. पहिल्या मात्रेचा स्वर ठरलेला. मधल्या तीन मात्रांत पेंटाटोनिकचे दोन-तीन स्वर घेऊन पुढच्या ठरलेल्या स्वरावर पोचायचं. समेवर येणं म्हणतात ते हेच, फक्त इथे दर बारला एक छोटी सम आहे.

पायरी ४. दोन बार बोला, दोन बार गप्प. ए मायनर आणि एफवर वाजवा, सी आणि जीवर हात तारांवरून उचला. शब्दशः उचला, नाहीतर राहवत नाही. पुढच्या फेरीत उलट करा. पहिले दोन बार म्हणजे सवाल आणि पुढचे दोन जवाब, अशी वाक्यं आपोआप तयार व्हायला लागतात.

पायरी ५. सुरुवात हलवा. प्रत्येक वाक्य पहिल्या मात्रेवर सुरू होत असेल तर ऐकणाऱ्याला चौथ्या वाक्याआधीच अंदाज येतो. पहिली मात्रा जाऊ द्या, दुसरीच्या मध्यावर शिरा. शेवट मात्र कॉर्डच्या स्वरावर.

तपासा, बेंड (तार ओढून स्वर चढवणं) : तिसऱ्या तारेचा ७वा फ्रेट ओढून ई करताय ना? दुसऱ्या तारेचा ५वा फ्रेट वाजवा, तोही ई आहे. दोन्ही एकसारखे लागले पाहिजेत. घरगुती सोलोंमध्ये बेंड बहुतेक वेळा कमी पडतो, जास्त क्वचितच होतो. डिस्टॉर्शन वाढवून हे लपत नाही, उलट दोन स्वरांची भांडणं जास्त ऐकू येतात.

आणि ते दोन शांत बार. ७९ आणि ८०मध्ये वाजवत राहा. ८१ला क्रॅश येईल तेव्हा तुम्ही त्याच्याबरोबर असलात तर लय तुमच्यात आहे. आधी पोचलात तर तुम्ही ट्रॅकला ढकलत होतात. उशिरा पोचलात तर ट्रॅक तुम्हाला ओढत होता. बहुतेक जण आधी पोचतात. मीही कित्येक महिने आधीच पोचायचो.

## टप्पा ७ : सोलो रेकॉर्ड करणे

सोलो नेहमी कोरडा रेकॉर्ड करा. डिले (प्रतिध्वनीसारखा मागून येणारा आवाज) आणि रिव्हर्ब फक्त ऐकण्यासाठी लावा, रेकॉर्डिंगमध्ये छापू नका. नंतर बदलता येतात. डिले घ्यायचाच असेल तर ८०च्या लयीला एक मात्रा ७५० मिलिसेकंदांची होते, तो आकडा भरा. अंदाजे भरलेला डिले सोलोची लय मागून कुरतडतो.

तीन टेक घ्या, सलग, मध्ये न ऐकता. चूक झाली तरी थांबू नका. अडलं की थांबून पहिल्यापासून सुरू करायची सवय लागली, तर तुमचे पहिले आठ बार सुंदर होतात आणि नवव्या बारपासून पुढे कोणी कधी गेलेलंच नसतं.

त्याच दिवशी ऐकू नका. हाताला काय वाजवायचं होतं ते अजून आठवत असतं, आणि कान तेच ऐकतो. दुसऱ्या दिवशी गिटार बाजूला ठेवून, चालता चालता ऐका आणि तीनच प्रश्न विचारा:

- सगळ्यात लांब शांतता किती होती? एका बारपेक्षा कमी असेल तर पायरी ४वर परत.
- जी कॉर्डवर मी काय वाजवतोय? बहुतेकांचं पेंटाटोनिक तिथे ए आणि सीवर रेंगाळतं आणि सूर लटकता राहतो. बी किंवा डीवर उतरा. बी पहिल्या तारेच्या ७व्या आणि तिसऱ्या तारेच्या ४थ्या फ्रेटवर आहे.
- एखादं वाक्य पुन्हा वाजवावंसं वाटलं का? ते कुठल्या मिनिटाला आहे ते लिहा, शिका, आणि पुढच्या टेकची सुरुवात त्याने करा.

बाकीचं सगळं पुसून टाका. खरंच पुसा, हार्ड डिस्कवर जागा असली तरी.

## पुढचा ट्रॅक

याच ट्रॅकवर दोन आठवडे काढलेत की दुसरा बनवा. जुना सॉफ्टवेअरने वरच्या पट्टीत चढवू नका, ड्रमचाही आवाज विचित्र होतो. ड्रम तेच ठेवून बेस आणि गिटारी नव्याने वाजवा, आता तासाभरात होतं.

दोन सोप्या कल्पना. पहिली: दोनच कॉर्ड, ए मायनर आणि डी मेजर, दोन-दोन बार. डी मेजरमध्ये एफ शार्प आहे, त्यामुळे दुसऱ्या तारेचा ६वा फ्रेट आता खटकेल. ७वा घ्या. हे काफी थाटाचे स्वर झाले, शुद्ध धैवतासकट. दुसरी: ए मधला बारा बारचा ब्लूज. चार बार ए सेव्हन, दोन डी सेव्हन, दोन ए सेव्हन, मग ई सेव्हन, डी सेव्हन, ए सेव्हन आणि ई सेव्हन एकेक बार. इथे १६ बारचे भाग चालणार नाहीत. क्रॅश दर बाराव्या बारनंतर टाका, आणि शांत दोन बार ठेवायचे असतील तर फेरीचे शेवटचे दोन ठेवा.